धक्क्याच्या टोकावरचा फोन

आमच्या ऑफिसात पाट्या तयार होतात. इमारतींच्या, पार्किंगच्या, मॉलमध्ये टॉयलेटकडे वळवणाऱ्या बाणांच्या. आखातातल्या या शहरात ऑफिस जुमेरा लेक टॉवर्समध्ये आहे आणि वर्कशॉप रास अल खोरला, आणि या दोन्हींच्या मधल्या रस्त्यावर माझं बरंच आयुष्य गेलं आहे. त्यामुळे समुद्रावरच्या एका धक्क्याचा इतिहास लिहून तो आठ पॅनेलांवर छापायचं काम आलं, तेव्हा मला त्यात इतिहास दिसला नाही. आठ पॅनेलं दिसली.

धक्का म्हणजे बोटी लागतात तो नव्हे. समुद्रात लांबवर गेलेला फळ्यांचा रस्ता, दोन्ही बाजूंना कठडा, टोकाला चौकोनी मोकळी जागा आणि बाकं. चालत टोकापर्यंत जायचं, पाणी बघायचं, परत यायचं, एवढाच त्याचा उपयोग. दुरुस्तीसाठी तो उन्हाळ्याच्या सुरुवातीला बंद केला होता आणि जानेवारीत पुन्हा उघडायचा होता. तेव्हा प्रवेशापाशी त्याचा इतिहास लावलेला हवा, असं तिथल्या मॅनेजरचं म्हणणं. मॅनेजर इंग्रज. त्याच्या गावी असाच धक्का आहे आणि त्याचे आजोबा लहानपणी तिथे बाहुल्यांचा खेळ बघायला जायचे, हे त्याने पहिल्या मीटिंगमध्ये सांगितलं. दुसऱ्या मीटिंगमध्येही सांगितलं.

इथल्या धक्क्याचा इतिहास असा निघाला. किनाऱ्याजवळ लाटा अडवायला दगडांची भिंत घालायची होती. दगड बार्जवरून यायचे. ते उतरवून घ्यायला कॉन्ट्रॅक्टरने खांब ठोकून एक तात्पुरता रस्ता केला. भिंत झाली. रस्ता तोडायचं काम मूळ टेंडरमध्ये कुणी घातलंच नव्हतं, म्हणून त्यावर फळ्या टाकल्या, दिवे लावले आणि त्याला पिअर म्हणायला सुरुवात केली. आमची मुलगी तेव्हा प्रॅममध्ये होती.

मॅनेजरला हे आवडलं नाही. मोती काढणारे पाणबुडे कुठे येतात, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, पाणबुड्यांचा धंदा धक्क्याच्या खूप आधी संपला. तो म्हणाला, पण जवळपास असतील ना? मग मी लिहिलं, 'या किनाऱ्यावर एके काळी मोती काढणारे येत असत.' वाक्य खरं होतं. धक्क्याशी त्याचा संबंध नव्हता. पहिलं पॅनेल झालं.

पुढचं सोपं होतं. सुरुवातीच्या वर्षांत धक्क्याच्या मध्यावर मुलांसाठी एक गोल फिरणारा पाळणा होता. जगभर त्यात घोडे असतात, इथे उंट बसवले. वशिंडामुळे मुलं एकतर पुढे सरकत नाहीतर मागे. पालकांच्या तक्रारी आल्या, म्हणून वशिंडं तासली. मग मुलं विचारू लागली की हा कुठला प्राणी. शेवटी पाळणा गेला आणि तिथे कॉफीचं दुकान आलं. नाणं टाकून बघायची एक दुर्बीणही होती. तिच्यातून समोरची अर्धवट बांधलेली इमारत दिसायची आणि तिच्यावरची क्रेन. मुलं क्रेन बघून घरी जायची.

अडचण आली ती लोकांच्या आठवणींच्या पॅनेलाला. मॅनेजरला जुने फोटो हवे होते. मी आमच्या मराठी ग्रुपवर मेसेज टाकला आणि संध्याकाळपर्यंत फोन गरम झाला. ढीगभर फोटो आले. एकातही धक्का नव्हता. फोटो काढताना आपली माणसं मागे काय आहे त्याची फिकीर करत नाहीत. सगळे ओळीत उभे राहतात, उंच मागे, बुटके पुढे, आणि काढणारा जवळ येत येत प्रत्येकाचा चेहरा नीट बसेपर्यंत थांबत नाही. काहींच्या कानाजवळ थोडा कठडा होता. एका बाळाच्या डोक्यावरून समुद्राची बोटभर पट्टी दिसत होती. हे मॅनेजरला दाखवलं, तर तो म्हणाला, कुठल्याही हॉलमधले असू शकतात. ते बरोबरच होतं.

तेव्हा फोटो सोडले आणि माणसंच गाठायची ठरवली. त्यासाठी फार लांब जायला लागलं नाही. धक्का सगळ्यात जास्त वापरणारं माणूस माझ्या घरात होतं.

सासूबाई सासऱ्यांच्या पश्चात आमच्याकडे राहायला आल्या. पुण्यात त्यांची सोसायटी चांगली होती, शेजार चांगला होता, फक्त सासरे गेल्यावर हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. कुणी काही बोललं नाही. चैत्रात नाही, संक्रांतीला नाही, श्रावणातही नाही. आईंनीही तक्रार केली नाही. "बरं झालं, संध्याकाळ मोकळी मिळते," एवढंच फोनवर म्हणाल्या. पुढच्या महिन्यात आम्ही त्यांचा व्हिसा केला.

इथे आल्यावर त्यांनी धक्का शोधून काढला. रोज संध्याकाळी टोकावरच्या बाकांवर त्यांचा पाच-सहा जणींचा ग्रुप बसायचा. त्यांतल्या मुख्य म्हणजे शारजाच्या काकू. त्या आता आमच्याच भागात राहत, पण पूर्वी बरीच वर्षं शारजात काढल्यामुळे नाव चिकटलं होतं. दुसऱ्या एक गुजराती बेन. धक्का बंद झाल्यावर हा ग्रुप मॉलच्या फूड कोर्टात हलला होता. ज्यूसच्या दुकानासमोर टेबल धरायचं आणि घरून आणलेला चहा प्यायचा. ज्यूसवाला बघून न बघितल्यासारखं करायचा.

ऑगस्टात एका संध्याकाळी मी तिथे गेले, फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं आणि म्हटलं, काकू, धक्क्याबद्दल जे आठवेल ते सांगा.

"सांगते. आधी हे सांग, तुझ्या सासऱ्यांचा गुडघा कसा आहे?"

आई थर्मासचं झाकण फिरवत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. गॅस बंद केलास का, असं विचारताना बघतात तसं.

"ठीक आहे," मी म्हटलं. "थंडीत जरा दुखतो."

"ऑगस्टात पुण्यात कसली थंडी?"

"पावसाळी हवा," आई म्हणाल्या.

"उनको इधर बुला लो ना," बेन म्हणाल्या. "अकेले आदमी, क्या खाते होंगे?"

"त्यांना एसी सोसत नाही."

"पुरुषांना काही सोसत नाही," काकू म्हणाल्या. "पण फोन बरा सोसतो. लिही गं हे, तुझ्या इतिहासात लिही. तुझी सासू रोज सात वाजले की उठायची, एकटी कठड्याशी जायची आणि मिस्टरांना फोन लावायची. आम्ही म्हणायचो, काय हो, कॉलेजात आहात का? एवढं काय बोलायचं असतं?"

"टोकाला रेंज चांगली येते," आई म्हणाल्या.

रेकॉर्डिंग चालू होतं. मी पाळण्याबद्दल विचारलं, दुर्बिणीबद्दल विचारलं, आणि आईंना घेऊन निघाले.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "आई, बाबांचा गुडघा?"

"बेल्ट लाव आधी."

लावला. पार्किंगमधून गाडी बाहेर पडली. मग म्हणाल्या, "मी आले त्या वर्षीची संक्रांत. धक्क्यावर हळदीकुंकू होतं हे मला माहीत नव्हतं. मी आपली जाऊन बसले. काकू तबक घेऊन एकेकीला लावत आल्या आणि मलाही लावलं. मी कपाळ पुढे केलं नव्हतं. मागेही घेतलं नाही."

"बरं."

"मग विचारलं, मिस्टर इथेच का? म्हटलं, पुण्यात. आळंदीला अस्थी सोडल्या, म्हणजे पुणंच झालं की. अगदी खोटं नव्हतं ते. पण माणूस पुण्यात आहे म्हटल्यावर त्याचं काहीतरी चालायला हवं ना? त्या रोज विचारणार. मग गुडघा काढला. त्यांना खरंच होता तो त्रास."

"आणि फोनवर कोणाशी बोलता?"

"कोणाशी नाही. बंद करून कानाला लावते."

"बोलता काय?"

"मागे कोण उभं आहे त्यावर आहे. काकू असतील तर गोळ्या घेतल्या का विचारते. कोणी नसेल तर पाणी बघते."

सिग्नल लागला. मी विचारलं की काकूंना कळलं तर काय होईल असं त्यांना वाटतं. त्या समोर बघत म्हणाल्या, "काही होणार नाही. तबक पुढे जाईल. भांडण होत नाही अशा वेळी, तबक फक्त पुढे जातं. सोसायटीत बघितलंय मी. इथे मला ते बघायचं नाही."

एवढं सरळ त्या एरवी बोलत नाहीत. मी गाडी चालवली.

रेकॉर्डिंगचा इंग्रजी तर्जुमा मॅनेजरकडे गेला आणि त्याने त्याच दिवशी फोन केला. पाळणा त्याला आवडला, दुर्बीण ठीक होती, पण समुद्राकडे तोंड करून रोज नवऱ्याला फोन करणाऱ्या बाईवर तो बेहद्द खूष होता. हे मधलं पॅनेल करू म्हणाला. पॅनेलही नको, स्टीलची आकृती कापू, माणसाएवढी, हातात फोन. खाली चार ओळी. त्या सद्गृहस्थांचा एखादा फोटो मिळेल का? मी म्हटलं, ते फारसे पुढे येत नाहीत.

मी मजकूर लिहिला तेव्हा 'नवऱ्याला' काढून 'घरी' घातलं. एक बाई रोज संध्याकाळी इथून घरी फोन करत असे. मॅनेजरच्या लक्षात आलं नाही. आकृती रास अल खोरला कापली. कारागिरांनी तिच्या कमरेला थोडा बाक दिला होता, तो मी सरळ करायला लावला. आईंची कमर सरळ आहे.

हे इथेच निभावलं असतं, पण काकूंचे मिस्टर रिटायर होणार असं डिसेंबराच्या शेवटी कळलं. इथे नोकरी संपली की व्हिसा संपतो, आणि व्हिसा संपला की माणूस जातो. दोघं जानेवारीच्या शेवटी कायमचे पुण्याला निघणार होते. काकूंनी फूड कोर्टात जाहीर केलं, की सामान लावून झालं की पहिल्यांदा तुमच्या मिस्टरांना भेटून येणार, खजूर देणार आणि गुडघा स्वतः बघणार. पत्ता द्या.

"फोन करून जा," आईंनी सांगितलं. "ते कुठे कुठे असतात."

त्या दिवशी जेवताना आमच्या घरात पहिल्यांदा या विषयावर सगळ्यांसमोर बोलणं झालं. नवरा म्हणाला, मला ऑफिसचा कॉल आहे. तो त्याला नेहमी असतो. मुलगी कॉलेजात आहे, तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सो जस्ट किल हिम, आजी. इट्स द इझिएस्ट."

"ते झालंय एकदा," आई म्हणाल्या.

तरीही मी त्याचा विचार केला, कारण कुठलाही पर्याय न तपासता सोडू नये. सासरे आता गेले असं सांगितलं, तर आईंना निदान तेरा दिवस घरात बसायला लागणार. म्हणजे धक्क्याचं उद्घाटन गेलं, संक्रांत गेली. शिवाय काकू आणि बेन भेटायला घरी येणार, आणि आमच्या हॉलमध्ये सासऱ्यांचा फोटो चंदनाचा हार घालून लावलेला आहे. हाराचा रंग बघून कुणीही सांगेल की तो आजचा नाही. फोटो आत ठेवावा तर भिंतीवर चौकोन उमटलेला.

"त्यापेक्षा खरं सांगून टाका," मी म्हटलं.

"सांगते. संक्रांत झाली की."

"आई, संक्रांत झाली की काकू निघाल्याच."

"म्हणून तर," त्या म्हणाल्या. "म्हणजे एकदा मिळेल अजून." आणि भाताचं पातेलं माझ्याकडे सरकवलं.

धक्का ठरल्या दिवशी उघडला. फीत कापली. मॅनेजरने भाषणात आजोबांचा उल्लेख केला. नव्या फळ्या, नवे दिवे, आणि बाकांवर आडवं कुणी होऊ नये म्हणून दर दोन माणसांच्या मध्ये लोखंडी दांडा. फोनवाल्या बाईच्या खांद्यावर हात टाकून लोक सेल्फी काढत होते. आईंनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "मी एवढी उंच नाही," म्हणाल्या. कॉफीच्या दुकानात नवे दर लागले होते. आईंनी दिरहॅमचे रुपये करून मोठ्याने म्हटले आणि थर्मास उघडला.

संक्रांतीच्या दिवशी मी संध्याकाळी धक्क्यावर गेले, ते कामासाठी. चौथ्या पॅनेलाचा एक स्क्रू वाऱ्याने वाजतो अशी तक्रार होती, आणि तेवढ्यासाठी वर्कशॉपमधून माणूस बोलावण्यापेक्षा मीच जाताना घट्ट करणार होते. ते करून टोकाकडे गेले तर हळदीकुंकू सुरू होत होतं. काकूंच्या हातात तबक, त्यात कुयरी, तिळगुळाचा डबा. वाण म्हणून मायक्रोवेव्हमध्ये चालणारे झाकणाचे डबे, ते पिशवीत. ग्रुपमधल्या बाकीच्या अजून यायच्या होत्या; बेन होत्या, आई होत्या, आणि एका गोऱ्या कुटुंबाचं बाळ सांभाळणारी फिलिपिनो बाई होती. ती दर वर्षी प्रॅम घेऊन तिथेच असते आणि दर वर्षी लावून घेते. कशासाठी ते तिने कधी विचारलं नाही. तिळगूळ तिला आवडतो.

"आज मी ठरवूनच टाकणार," काकू म्हणाल्या. "लावा मिस्टरांना व्हिडिओ कॉल. सातला लावताच ना? मी बोलते, कधी येऊ ते विचारते."

आईंनी पर्समधून फोन काढला. हातात धरला. मग परत पर्समध्ये ठेवला.

"ते नाहीत," म्हणाल्या.

"बाहेर गेलेत?"

"नाहीत. मी इकडे आले त्याच्या आधीच गेले."

बेन म्हणाल्या, "मतलब?" आणि मग त्यांना मतलब कळला. काकू तबक घेऊन तशाच बाकावर बसल्या. दांड्यामुळे तबक नीट टेकेना.

"आणि ते तेल?" तबक मांडीवर घेत त्या म्हणाल्या. "गुडघ्याला म्हणून मी दोनदा केरळी तेल दिलं पुण्याला पाठवायला. ते कोण लावत होतं?"

"मी. माझाही दुखतो. चांगला गुण आला."

"मी त्यांच्यासाठी नारळ बोलले होते दत्ताला."

"मग फोडा तो. गुडघा बरा आहे."

फिलिपिनो बाईने एकदा सगळ्यांकडे बघितलं आणि बाळाची टोपी सारखी केली. काकू उठल्या. बेनना हळदकुंकू लावलं, डबा दिला. मग फिलिपिनो बाईला लावलं, तिने सवयीने मान पुढे केली. पुढच्या बाकावर आई. काकू तिथे आल्या आणि थांबल्या. तबक पुढे गेलं नाही, पण हातही पुढे आला नाही.

"मला हे जमायचं नाही हो," काकू हळू म्हणाल्या. "राग नाही माझा. तिकडे गेल्यावर ह्यांचं हार्टचं ऑपरेशन आहे. मनात काहीबाही येतं. मला नकोय आत्ता काही."

हे कुणालाच माहीत नव्हतं. ऑपरेशनबद्दल त्या एका अक्षराने बोलल्या नव्हत्या.

आईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग हात लांब करून तबकातली कुयरी उचलली. "बसा," म्हणाल्या. काकू बसल्या. आईंनी त्यांना हळद लावली, कुंकू लावलं, नाकावर सांडलेलं पदराने पुसलं. "होईल ऑपरेशन नीट. कोणत्या हॉस्पिटलात आहे?"

"कोथरूडला."

"पार्किंगचा त्रास आहे तिथे. रिक्षाने जा." कुयरी त्यांनी काकूंच्या हातात परत दिली आणि चेहरा पुढे केला. "आता मला. यल्ला, चला, अंधार पडतोय."

काकू कुयरीकडे बघत राहिल्या. मग बोट हळदीत बुडवलं आणि लावलं. कुंकवाला वेळ लागला. शेवटी लावलं, पण लावताना डोळे मिटून घेतले होते, त्यामुळे ते भुवईच्या बरंच बाजूला गेलं. आईंनी ते पुसलं नाही.

"मग पुण्यात मी आता भेटायचं कुणाला?" काकूंनी विचारलं.

"मी येते मेमध्ये. तोपर्यंत तुमचे मिस्टर हॉस्पिटलातून घरी आलेले असतील. तुमच्याकडेच उतरेन, चालेल ना?"

"मेमध्ये उकडतं पुण्यात."

"इथे काय बर्फ पडतो?"

काकूंनी पिशवीतून डबा काढून आईंच्या मांडीवर ठेवला आणि तबक घेऊन माझ्याकडे वळल्या. माझ्या एका हातात स्क्रूड्रायव्हर होता आणि दुसऱ्यात गाडीची किल्ली, म्हणून मी तशीच पुढे वाकले.